शंभरातले पंधरा की तीस? अ‍ॅप स्टोअरच्या कमिशनविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एकट्याने मोबाइल अ‍ॅप तयार करून त्यावर चरितार्थ चालवणाऱ्यांविषयी लिहिताना ‘विक्रीतून स्टोअरचे कमिशन वजा जाते’ असे एक वाक्य मी लिहून गेलो. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे त्या एकाच वाक्यावर होती. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न: मी तासगाव तालुक्यात राहतो. द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीची नोंदवही ठेवणारे एक अ‍ॅप मी एकट्याने केले आहे. कोणत्या तारखेला कोणते औषध मारले, किती प्रमाणात मारले आणि काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हे सगळे त्यात राहते. निर्यातीला माल देणाऱ्यांना ही नोंद दाखवावीच लागते. एका हंगामाचे 400 रुपये मी एकदाच घेतो. गेल्या हंगामात 350 जणांनी पैसे भरले. सर्व्हर, ओटीपीचे एसएमएस आणि तपासणीसाठी घेतलेला जुना फोन मिळून माझा खर्च 35,000 रुपये झाला. ज्या स्टोअरवर अ‍ॅप आहे, तिथे माझे 30 टक्के कापले गेले. माझ्या एका मित्राचे मात्र त्याच स्टोअरवर 15 टक्केच कापले जातात. असे का?

उत्तर: हा फरक बहुधा नोंदणीचा आहे. तुमच्यासारख्या कितीतरी जणांचे पैसे एवढ्याच कारणाने जात असल्यामुळे याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

अ‍ॅपलने जुलै 2008 मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडले तेव्हाच विक्रीतला 30 टक्के वाटा आपला, असा दर ठरवला. त्याच वर्षी आलेल्या गूगलच्या स्टोअरनेही तोच दर धरला आणि बारा वर्षे तो जवळजवळ तसाच राहिला. पुढे तक्रारी आणि खटले वाढल्यावर अ‍ॅपलने 1 जानेवारी 2021 पासून छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळी योजना आणली. वर्षाचे उत्पन्न 10 लाख डॉलरपर्यंत असणाऱ्यांना तिच्यात 15 टक्के दर लागतो. गूगलने 1 जुलै 2021 पासून दरवर्षीच्या पहिल्या 10 लाख डॉलरच्या विक्रीवर 15 टक्के आणि त्यापुढच्या विक्रीवर 30 टक्के अशी रचना केली. 10 लाख डॉलर म्हणजे आठ कोटी रुपयांहून अधिक रक्कम. आपल्याकडच्या एकट्या डेव्हलपरची विक्री त्या मर्यादेच्या आसपासही जात नाही, तेव्हा त्याला 15 टक्केच लागायला हवेत.

अडचण अशी की ही सवलत आपोआप मिळत नाही. दोन्हीकडे स्वतः अर्ज करावा लागतो आणि आपल्याशी संबंधित दुसरी खाती कोणती आहेत हेही जाहीर करावे लागते. दुसरे खाते नसेल तर तसे कळवावे लागते. हे काम फार तर अर्ध्या तासाचे आहे. पण खाते उघडताना आलेल्या पंधरा-वीस ईमेलांच्या गर्दीत त्याची सूचना हरवते आणि जो ती वाचत नाही त्याचे 30 टक्के जात राहतात. सवलत नोंदणीनंतरच्या विक्रीला लागू होते. म्हणून पुढची फळछाटणी सुरू होण्याची वाट न पाहता याच आठवड्यात अर्ज करावा.

आता तुमचाच हिशेब मांडून पाहू. तो सरळ राहावा म्हणून कर बाजूला ठेवतो. 350 जणांचे 400 रुपयांप्रमाणे 1,40,000 रुपये जमले. 30 टक्क्यांनी 42,000 रुपये गेले, 35,000 रुपये खर्च झाला आणि हातात 63,000 रुपये उरले. 15 टक्के दर असता तर 21,000 रुपये गेले असते आणि 84,000 रुपये उरले असते. दरांमधला फरक ऐकायला पंधरा टक्क्यांचा वाटतो, पण त्याने तुमच्या हाती येऊ शकणाऱ्या 84,000 रुपयांचा चौथा हिस्सा नेला. कमिशन उलाढालीवर लागते, नफ्यावर लागत नाही. त्यामुळे ज्याचा खर्च विक्रीच्या मानाने मोठा त्याला तेच कमिशन जास्त जड जाते. मोठ्या कंपनीचा सर्व्हरचा खर्च लाखो ग्राहकांवर विभागला जातो, तुमचा तेवढाच खर्च साडेतीनशे शेतकऱ्यांवर पडतो. दोघांना एकच टक्केवारी लावणे म्हणजे दोघांना सारखेच वागवणे, असे मला कधीच पटलेले नाही.

प्रत्येक वेळी नव्याने पैसे न घेता आपोआप नूतनीकरण होणारे सबस्क्रिप्शन ठेवले, तर गूगलकडे 1 जानेवारी 2022 पासून पहिल्या दिवसापासूनच 15 टक्के दर आहे. तुमच्या बाबतीत मात्र मी तो सल्ला देणार नाही. बाग काढून झाल्यावर चार महिन्यांनी खात्यातून पैसे वळते झालेले पाहून शेतकरी पहिला फोन तुम्हालाच करील.

प्रश्न: यूपीआयने पैसे दिले तर दुकानदाराला काही पडत नाही, असे आपण सगळेच पाहतो. भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेते आणि तिला पूर्ण रक्कम मिळते. मग अ‍ॅपवाल्याने ग्राहकाकडून थेट यूपीआयने पैसे का घेऊ नयेत? भारतात याविरुद्ध कोणी दाद मागितली नाही का? (वाचिका, कोथरूड, पुणे)

उत्तर: यूपीआयवरचा व्यापारी शुल्काचा दर जानेवारी 2020 पासून शून्य आहे, हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. खरा मुद्दा तर तिथेच आहे. प्ले स्टोअरमध्येही यूपीआयने पैसे भरता येतात आणि तरीही त्यातून 15 किंवा 30 टक्के कापले जातात. म्हणजे हे शुल्क पैसे वळते करण्याच्या खर्चाचे नव्हे. गूगलही तसे म्हणत नाही. अँड्रॉइड आणि स्टोअर चालवण्याचा, अ‍ॅप तपासण्याचा आणि ती जगभर पोहोचवण्याचा हा मोबदला आहे, असे त्या कंपनीचे म्हणणे आहे.

त्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. 2008 पूर्वी मोबाइलवर सॉफ्टवेअर विकायचे तर दूरसंचार कंपन्यांच्या दारी जावे लागे आणि त्या अर्ध्याहून अधिक वाटाही मागत. आज तासगावात बसून केलेले अ‍ॅप केनियातला शेतकरी विकत घेऊ शकतो. त्याच्या देशाचे चलन, पैसे परत करण्याची तक्रार, चोरीच्या कार्डाने केलेली खरेदी, अनेक देशांतला विक्रीकर, या सगळ्याची उस्तवार स्टोअर करते. एकट्या माणसाला ते जमणारे नाही. आक्षेप मोबदला घेण्यावर नाही. डिजिटल वस्तू विकायची तर माझ्याच गल्ल्यातून विका, दुसरा गल्ला ठेवू नका आणि दुसरीकडे स्वस्त मिळते हे गिऱ्हाइकाला सांगूही नका, या सक्तीवर आक्षेप आहे. ‘डिजिटल वस्तू’ हे येथे महत्त्वाचे. रिक्षाचे भाडे किंवा घरपोच जेवण अ‍ॅपवरून मागवले तर हे कमिशन लागत नाही. पुस्तक, गाणे, शिकवणी, खेळ असे फोनच्या आत राहणारे काही विकले की लागते.

दाद मागितली गेली आणि ती लढाई मोठी आहे. सप्टेंबर 2020 मध्ये गूगलने आपलीच बिलिंग पद्धत, म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेण्याची यंत्रणा, वापरण्याचा नियम सर्वांना कडकपणे लावणार असल्याचे जाहीर केले. भारतातल्या नवउद्योगांनी त्याला विरोध केला आणि भारतापुरती मुदत दोनदा वाढली. नोव्हेंबर 2020 मध्ये बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला. 25 ऑक्टोबर 2022 रोजी आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल गूगलला 936.44 कोटी रुपयांचा दंड केला आणि दुसऱ्या बिलिंग सेवांना मोकळीक देण्यास सांगितले.

त्यानंतर गूगलने ग्राहकाला दुसऱ्या बिलिंगचा पर्याय दिला, पण त्यासाठी कमिशनमध्ये फक्त 4 टक्क्यांची सूट ठेवली. 15 चे 11 झाले आणि 30 चे 26. हा पर्याय कागदावर दिसतो तसा हातात येत नाही. ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्या खात्यात आणून देणाऱ्या सेवेचा, म्हणजे पेमेंट गेटवेचा, दर साधारण 2 टक्के असतो आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की तो 2.36 टक्के होतो. 4 टक्के वाचवून त्यातले निम्म्याहून अधिक गेटवेला द्यायचे, बिले स्वतः करायची, परताव्याच्या तक्रारी स्वतः सोडवायच्या आणि त्या विक्रीचा हिशेब पुन्हा स्टोअरलाच कळवून 11 टक्के भरायचे. शंभर रुपयांमागे जेमतेम दीड रुपया सुटतो. तेवढ्यासाठी एकट्या डेव्हलपरने दुसरी यंत्रणा उभी करावी, असे मी कोणालाही सांगणार नाही. म्हणूनच या सवलतीला न्याय म्हणायला माझी तयारी नाही.

काही कंपन्यांनी हे शुल्क भरण्यास नकार देऊन न्यायालयांत धाव घेतली. मद्रास उच्च न्यायालयात त्यांना यश आले नाही आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अंतरिम दिलासा नाकारला. 1 मार्च 2024 रोजी गूगलने दहा भारतीय कंपन्यांवर कारवाई सुरू केली आणि भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम, 99 एकर्स, कुकू एफएम अशी रोजच्या वापरातली अ‍ॅप स्टोअरमधून दिसेनाशी झाली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीरपणे नापसंती व्यक्त केली, बैठका झाल्या आणि काही दिवसांत अ‍ॅप परत आली. पुढे 28 मार्च 2025 रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निष्कर्ष कायम ठेवले, काही बाजूला सारले आणि दंड 216.69 कोटींवर आणला. त्यावरची अपिले ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी दाखल करून घेतली.

या सगळ्यात माझे लक्ष मार्च 2024 मधल्या त्या चार-पाच दिवसांकडे पुन्हा पुन्हा जाते. ज्यांची अ‍ॅप गेली त्यांतल्या काही शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या होत्या. त्यांच्याकडे वकील होते, त्यांची बातमी पहिल्या पानावर आली, त्यांच्यासाठी मंत्री बोलले. आधीच्या पत्रातल्या तासगावच्या वाचकाचे अ‍ॅप फळछाटणीनंतरच्या ऐन फवारणीच्या दिवसांत असे नाहीसे झाले, तर त्याच्यासाठी बैठक कोण घेणार? स्वयंचलित ईमेल येईल, अपिलाचा एक फॉर्म येईल आणि उत्तर येईपर्यंत शेतकरी पुन्हा कागदी वहीकडे वळलेले असतील. छोट्यांच्या दृष्टीने टक्क्यांइतकाच हा प्रश्नही मोठा आहे आणि त्याची सुनावणी आज कुठेच नाही.

प्रश्न: ट्विटरचे पैसे भरून घ्यायचे खाते भारतात सुरू झाले तेव्हा वेबसाइटवर 650 रुपये आणि मोबाइलवर 900 रुपये दर होता. वस्तू एकच, मग दोन किमती कशा? आणि आयफोनवरच्या किंडल अ‍ॅपमध्ये पुस्तक विकत घेण्याचे बटणच नसते, तेही याच कारणाने का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: होय, कारण एकच आहे. तुम्ही दिलेला दर फेब्रुवारी 2023 चा. 900 मधून 30 टक्के वजा केले की 630 उरतात. वेबसाइटच्या 650 च्या ते किती जवळ आहेत, हे पाहिले की कमिशनचा बोजा कोणी उचलला हे वेगळे सांगावे लागत नाही. अ‍ॅमेझॉनच्या किंडलचे प्रकरण त्याहून पुढचे. पुस्तकाच्या विक्रीत 30 टक्के देण्याइतकी फट नसल्याने आयफोनवरच्या अ‍ॅपमध्ये विक्रीच ठेवली नाही आणि वाचकाने ब्राउझरमध्ये जाऊन पुस्तक घ्यावे, अशी व्यवस्था राहिली. ‘आमच्या वेबसाइटवर घ्या’ असे अ‍ॅपमध्ये लिहिण्यालाही कित्येक वर्षे मनाई होती.

ही मनाई अमेरिकेत मोडली. फोर्टनाइट हा खेळ करणाऱ्या एपिक गेम्सने ऑगस्ट 2020 मध्ये अ‍ॅपलविरुद्ध खटला भरला. सप्टेंबर 2021 मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी बहुतेक मुद्द्यांवर अ‍ॅपलच्या बाजूने निकाल दिला, पण ग्राहकाला बाहेरच्या विक्रीची माहिती देण्यावरची बंदी उठवायला सांगितली. अ‍ॅपलने 2024 मध्ये बाहेरच्या लिंकची परवानगी दिली आणि त्या लिंकवरून झालेल्या विक्रीवरही 27 टक्के लावले. 30 एप्रिल 2025 रोजी त्याच न्यायाधीशांनी हा आदेशाचा भंग ठरवला आणि ती आकारणी थांबवली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या किंडल अ‍ॅपमध्ये पुस्तक मिळवण्याचे बटण दिसू लागले. नंतर अपिलात आदेशभंगाचा निष्कर्ष टिकला, मात्र काही वाजवी आकार घेण्याची वाट अ‍ॅपलसाठी मोकळी ठेवली गेली.

हा आदेश अमेरिकेतल्या स्टोअरपुरता आहे. तेव्हा डोंबिवलीत बसून तुम्ही एवढे जरूर करू शकता: मराठी ऑडिओबुक असो की एखाद्या छोट्या डेव्हलपरचे अ‍ॅप, पैसे भरण्यापूर्वी त्याची वेबसाइट उघडून पाहा. तिथे विक्री असेल तर तिथूनच घ्या. तुमचे पैसे वाचोत न वाचोत, करणाऱ्याच्या हातात अधिक पडतील.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते आणि इथल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. आता स्वतःचे अ‍ॅप करण्याचा विचार आहे. फीमधूनही अ‍ॅपल कमिशन घेईल का?

उत्तर: तुम्ही कसे शिकवता त्यावर ते अवलंबून आहे. एक शिक्षक आणि एक विद्यार्थी अशी थेट, त्या क्षणी चालणारी शिकवणी असेल तर अ‍ॅपलच्या नियमांनुसार फी बाहेरच्या कोणत्याही मार्गाने घेता येते आणि कमिशन लागत नाही. चार मुलांचा वर्ग एकत्र घेतलात किंवा बाराखडीचे रेकॉर्ड केलेले धडे विकलेत, तर त्या विक्रीला अ‍ॅपमधल्या खरेदीचे नियम लागू होतात. अंकलिपीची छापील प्रत टपालाने पाठवणार असाल तर ती वस्तू ठरते आणि तिच्यावर कमिशन नाही. तुम्ही अमेरिकेतच असल्याने तुमच्या वेबसाइटची लिंक अ‍ॅपमध्ये देण्याची वर सांगितलेली सोयही तुम्हाला आहे. माझे मत विचाराल तर एकास एक शिकवणीपासूनच सुरुवात करा.

प्रश्न: मी रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भरती-ओहोटीच्या वेळा मराठीतून सांगणारे अ‍ॅप मी केले आहे. एक रुपयाही मिळण्याआधी मला किती खर्च येईल? प्ले स्टोअर सोडून दुसरीकडे टाकता येईल का?

उत्तर: अ‍ॅपलचे डेव्हलपर खाते वर्षाला 99 डॉलरचे आहे आणि दरवर्षी ते पैसे भरावे लागतात. गूगलचे 25 डॉलर एकदाच. मासेमारी करणाऱ्यांसाठी अ‍ॅप असेल तर आयफोनचा विचार तूर्त सोडून दे. दुसरीकडे टाकता येते. फोनपेने 21 फेब्रुवारी 2024 रोजी इंडस अ‍ॅपस्टोअर सुरू केले. तिथे मराठीसह भारतीय भाषांत शोधता येते आणि दुसऱ्या गेटवेने पैसे घेतल्यास कमिशन नाही. तिथेही जरूर टाक. पण नव्या फोनमध्ये आधीपासून असलेले दुकान प्ले स्टोअर आहे आणि हर्णैच्या बंदरावरचा माणूस अ‍ॅप तिथेच शोधणार, हे धरून चाल.

पैशांपेक्षा दोन गोष्टी तुला अधिक अडवतील. पहिली म्हणजे पत्ता. वैयक्तिक खात्यावरून अ‍ॅपमध्ये पैसे घ्यायला लागलास की प्ले स्टोअरवर तुझे कायदेशीर नाव आणि पूर्ण पत्ता सर्वांना दिसतो. घरातूनच काम करणाऱ्याचा तो घरचाच पत्ता असतो, तेव्हा घरच्यांशी बोलूनच हा निर्णय घे. मुलींनी तर हा नियम खाते उघडण्यापूर्वीच माहीत करून घ्यावा.

दुसरी गोष्ट चाचणीची. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी मर्यादित लोकांत चाचणी घ्यावी लागते. आधी त्यासाठी 20 जण लागत, डिसेंबर 2024 पासून 12 पुरतात. पण ते सलग 14 दिवस चाचणीत राहिले पाहिजेत. कॉलेजातल्या मित्रांना विचारशील तर पहिल्या दिवशी तीस जण होकार देतील आणि पाचव्या दिवशी सात उरतील. त्यापेक्षा मिरकरवाड्यात जा. रोज भरती पाहून होडी काढणाऱ्या माणसाला ते अ‍ॅप चौदाही दिवस लागणार आहे. शिवाय वेळ दहा मिनिटांनी चुकली तर तो तुला त्याच दिवशी सांगेल. अ‍ॅप पूर्ण होण्याची वाट न पाहता अशा पंधरा-सोळा जणांची नावे आणि ईमेल आजपासून वहीत लिहून ठेव. त्यांतले बारा टिकतील.